सराव पाठ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला सराव पाठांसाठी शाळा वाटून दिल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. तोवर मुलं कशी शिकतात हे मांडणाऱ्या पियाजे आणि वायगोत्स्की यांच्यावर प्रश्न असतात. मग एकाएकी खडू, काड्या आणि मागच्या रांगेतली मुलं सुरू होतात. या वेळी इंदूर, महू आणि देवास इथून आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण साहित्य हाताळण्याबद्दल त्यात जे आलं आहे ते बाकीच्या विषयांनाही लागू पडतं.

प्रश्न: दुसरीला दशक सुटा करून करायची वजाबाकी घ्यायची आहे. पाठाच्या टाचणात (लेखी आखणीत) ५२ − २७ हे उदाहरण धरलं आहे. मागच्या पाठाला काड्या नेल्या तर मुलांनी त्यांच्या तलवारी केल्या आणि सगळी तासिका वाया गेली. काड्या किती आणि कशा द्याव्यात? की सरळ फळ्यावरच समजावून सांगू? (छात्राध्यापिका, परदेशीपुरा)

उत्तर: फळ्यावर समजावलंत तर मुलं रीत पाठ करतील आणि पंधरा दिवसांत विसरतील. काड्या न्याच, पण आधी उदाहरण बदला. ५२ − २७ चं उत्तर येतं २५, म्हणजे ५२ चेच अंक उलटे. मुलानं वजाबाकी केली की नुसते अंक फिरवले, हे वही पाहून तुम्हाला कळणार नाही. त्याऐवजी ५३ − २७ घ्या. उत्तर २६, आणि चुकीचं उत्तर आलं तर ते कुठून आलं हे त्या उत्तरावरूनच कळतं. ते पुढे सांगतो.

वर्गात ३२ मुलं आहेत असं धरू. चौघांचा एक असे आठ गट, गटाला ६० काड्या, म्हणजे ४८०. हरवतील-मोडतील त्या धरून ५०० ठेवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या सर्वांत सोयीच्या. त्या परवडत नसतील तर खराट्याच्या काड्या १० सेंटिमीटरच्या कापा आणि दोन्ही टोकं फरशीवर घासून बोथट करा, नाहीतर बोटाला कुसळ लागतं. काडेपेटीच्या काड्या नकोत: एक तर गुलाची भीती, दुसरं म्हणजे त्या इतक्या लहान असतात की गठ्ठ्यातून निसटतात. रबरबँडही उन्हाळ्यात दोन दिवसांत तुटतात. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणून तिच्या अर्धा सेंटिमीटर रुंद चकत्या कापा, त्या वर्षभर टिकतात. खराट्याच्या बारीक काड्यांना ती चकती दुहेरी गुंडाळावी लागते.

तलवारींचं कारण मुलांचा व्रात्यपणा नव्हे. काड्या त्यांच्या हातात पहिल्यांदा आल्या त्या थेट पाठाच्या वेळी. नवी वस्तू हातात आली की मूल ती आधी खेळून पाहणारच. पाठाच्या दोन दिवस आधी मार्गदर्शक शिक्षिकेकडून पंधरा मिनिटं मागून घ्या. पाच मिनिटं मुलांना काड्यांचं हवं ते करू द्या. मग प्रत्येक गटाला ६० सुट्या काड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावा. गठ्ठे मुलांनीच बांधायचे. तयार गठ्ठा हातात दिला तर त्याच्या आत दहा आहेत हे मुलाला फक्त ऐकून माहीत असतं, आणि तो सोडायची वेळ आली की त्याचा हात अडतो.

पाठाच्या दिवशी प्रत्येक गटापुढे वर्तमानपत्राचा एक कागद पसरा. मधोमध रेघ, डावीकडे ‘दहाई’, उजवीकडे ‘इकाई’. चौघं कागदाभोवती चारी बाजूंनी बसली तर समोरच्या दोघांना सगळं उलटं दिसतं आणि त्यांच्या डोक्यात एकक-दशकाच्या जागा बदलतात. ही चूक फार वेळा होते आणि पाठ पाहणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. चौघांनाही कागदाच्या एकाच बाजूला, जरा अर्धवर्तुळात बसवा.

आता ५३ मांडायला सांगा: पाच गठ्ठे, तीन सुट्या. म्हणा, ‘यातून सत्तावीस मला द्या.’ आणि थांबा. मुलं तीन सुट्या काड्यांकडे पाहतील, सात हव्या आहेत हे त्यांना कळेल, कुणी म्हणेल ‘नहीं हो सकता’. कुणी दोन गठ्ठे आधी देऊन टाकेल, तेही चालेल. पाठाचा जीव या अडण्यात आहे, तेव्हा ‘गठ्ठा सोडा’ हे तुम्ही सांगू नका. दोन मिनिटांत कुठला तरी गट गठ्ठा सोडतोच. तो सोडला की सगळ्यांना विचारा: ‘आता एकूण काड्या किती? वाढल्या की कमी झाल्या?’ चार गठ्ठे आणि तेरा सुट्या मिळूनही त्रेपन्नच, हे मुलांच्या तोंडून येऊ द्या. मग तेरातून सात, चारातून दोन.

फळ्यावरची मांडणी हातातल्या कृतीच्या बरोबरीनं चालली पाहिजे. गठ्ठा सुटला की त्याच क्षणी ५ खोडून ४ लिहायचं आणि ३ च्या जागी १३. आधी सगळं उदाहरण फळ्यावर सोडवून ‘आता काड्यांनी करून पाहा’ म्हटलं तर काड्या नुसत्या शोभेच्या उरतात.

शेवटची सहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर ५३ − २७ हेच उदाहरण, काड्या बाजूला ठेवून. घरी चिठ्ठ्यांचे ढीग करा. ज्यानं ३४ लिहिलं तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, मग वर कुठलाही असो (७ − ३, ५ − २). ज्यानं ३६ लिहिलं त्यानं दशक सुटा केला पण पाचाचे चार करायला विसरला. ८० लिहिणाऱ्यानं बेरीज केली. २५ किंवा २७ आलं तर मोजताना एका काडीची चूक झाली आहे, समज ठीक आहे. यांतल्या ३४ वाल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या द्याव्या लागतात, ३६ वाल्यांना काड्या आणि लेखन एकत्र, आणि शेवटच्या ढिगाला कशाचीच गरज नाही. ४० − १६ सारखं शून्याचं उदाहरण पहिल्या दिवशी घेऊ नका. मांडताना एकही सुटी काडी नसल्यानं ते वेगळ्या तऱ्हेनं अवघड असतं.

प्रश्न: माझी मातृभाषा मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. मी बोलायला लागले की मागची मुलं हसतात. परवा ‘खाली बैठो’ म्हटलं आणि वर्गात खसखस पिकली. पाठ चांगला असूनही उच्चारांसाठी गुण कापले गेले. काय करावं? (छात्राध्यापिका, रामबाग)

उत्तर: इंदुरातल्या मराठी घरांतली मुलं हिंदी अस्खलित बोलतात, तरी वर्गात उभं राहिलं की घरची भाषा काही ठरावीक ठिकाणी डोकावते. ती ठिकाणं मोजकी आहेत, त्यामुळे सुधारता येतात.

पहिलं, सारखे दिसणारे शब्द. मराठी ‘खाली’ म्हणजे हिंदीत ‘नीचे’. हिंदी ‘खाली’ म्हणजे रिकामं. मराठीत ‘शिक्षा’ छडीची, हिंदीत शाळेची. ‘अभ्यास करो’ म्हणजे हिंदीत सराव करा. मराठीतल्या अभ्यासाला ‘पढ़ाई’. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न. वर्गातल्या सूचना म्हणजे बसा, वही काढा, पुसा, जोडीला दाखवा. अशा वीसेक सूचना हिंदीत लिहून काढा आणि मोठ्यानं म्हणा. चूक सूचनांत जास्त होते, कारण त्या आपण टाचणात लिहीत नाही.

दुसरं, उच्चार. ‘ज्ञ’ मराठीत द्न्य, हिंदीत ग्य. ‘कृषि’ मराठीत क्रुषी, हिंदीत क्रिषि. ‘पैसा’, ‘कौन’ यांतले ऐ-औ आपण अइ-अउ असे फोडून म्हणतो, हिंदीत ते एकसंध असतात. आणि ‘चम्मच’, ‘जहाज’ यांत आपल्या ‘चमचा’, ‘जहाज’ मधला दंततालव्य च-ज चालत नाही. पहिलीला अक्षर-ध्वनी शिकवताना हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे. मूल तुमच्या तोंडाकडे पाहून ‘ज’ शिकत असतं.

तिसरं, फळ्यावरचं लेखन. आपण कवी, गुरू, कृषी लिहितो. हिंदीत ते कवि, गुरु, कृषि. पाठातले सगळे इकारान्त-उकारान्त शब्द आदल्या रात्री पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उतरवा.

आणि चौथं, संख्यानामं, जिथे गणिताच्या पाठात गाडी अडते. एकोणतीसचं उनतीस, एकोणसाठचं उनसठ, एकोणसत्तरचं उनहत्तर सहज होतं, पण एकोणनव्वदला त्याच चालीनं काही म्हणायला जाल तर फसाल: ८९ म्हणजे नवासी, आणि उन्यासी म्हणजे ७९. हे दोन मुलांचेही सर्वांत जास्त चुकतात. एक ते शंभर हिंदीत मोठ्यानं, उलट क्रमानं म्हणता आले पाहिजेत. पच्चीस आणि पंचवीस दोन्हीकडे पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहितं. ही अडचण मात्र तुमची आणि मुलांची एकच आहे. संख्या म्हणताना दशकाकडे आधी बोट दाखवत गेलात तर तिला आळा बसतो.

मुलं हसली तर थांबून विचारा, ‘तुम्ही काय म्हणता?’ त्यांचा शब्द फळ्यावर लिहा. त्या वर्गातल्या अनेकांची घरची भाषाही पुस्तकी हिंदी नाही. कुणाकडे माळवी, कुणाकडे निमाडी, बांधकामावर आलेल्या झाबुआ-अलीराजपूरच्या कुटुंबांत भिली. शिक्षणहक्क कायद्यातच म्हटलं आहे की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. ‘इसको तुम्हारे घर में क्या बोलते हैं’ हा प्रश्न रोज एकदा विचारा. हसणारी मुलं सांगायला लागतात, आणि कधी न बोलणारी पहिल्यांदा बोलतात.

प्रश्न: सूक्ष्म अध्यापन म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ. त्यात सहा मिनिटांत काय शिकवणार? आणि समोर बसलेले आमचेच मित्र, त्यांना सगळं येतं. हा निव्वळ उपचार वाटतो. (छात्राध्यापक, देवास)

उत्तर: उपचार वाटतो कारण बहुतेक ठिकाणी पहिली सहा मिनिटं होतात आणि पुढची तीस गाळली जातात. पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या काही वर्षांत आकाराला आली. आपल्याकडे तिच्यावर मोलाचं काम करणाऱ्यांत इंदूर विद्यापीठाच्या शिक्षण विभागातले बी. के. पासी होते. आपल्याकडे रूढ असलेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ पाहणाऱ्यांचा अभिप्राय), १२ पुन्हा आखणी, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. सुधारणा होते ती मधल्या बारा मिनिटांत. वेळ नसेल तर दिवसाला दोघांचेच पाठ घ्या, पण चक्र पुरं करा.

एका पाठाला एकच कौशल्य. ‘प्रश्न विचारणं’ घेतलं तर फळ्याच्या लेखनावर शेरा मारायचा नाही. निरीक्षकानं ‘छान झालं’ लिहू नये. त्यानं खुणा कराव्यात: किती प्रश्न विचारले, त्यांतले ‘हो-नाही’चे किती, उत्तर चुकल्यावर पुढचा प्रश्न त्याच मुलाला किती वेळा विचारला, आणि प्रश्नानंतर किती सेकंद थांबलात. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ती वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारीही बोलू लागतात. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत, वर्गासमोर फार वाटतात. मनात ‘एक नर्मदा, दोन नर्मदा, तीन नर्मदा’ म्हणा.

मित्रांना सगळं येतं, यावर साधा उपाय आहे. पाठाआधी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्या, तिच्यावर एका मुलाची खरी चूक: ‘तू ५३ − २७ चं उत्तर ३४ देतोस आणि ठाम असतोस’, ‘तू उत्तर माहीत असूनही बोलत नाहीस’, ‘तू शेजाऱ्याचं पाहून लिहितेस’. चुका पहिल्या उत्तरातल्यासारख्या, मुलांच्या वह्यांतून गोळा केलेल्या हव्यात. मनानं रचलेल्या चुका वेडगळ होतात आणि मग सगळे हसत बसतात. शिकवणाऱ्याला चिठ्ठ्या दाखवायच्या नाहीत.

प्रश्न: इंटर्नशिपमध्ये किती दिवस गैरहजर राहिलं तर चालतं? (छात्राध्यापक, महू)

उत्तर: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे तासिका आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला किमान ९० टक्के हजेरी लागते. शाळेच्या हाजरीपटावरची सही आणि महाविद्यालयाच्या नोंदी जुळतात ना, हे दर शनिवारी पाहा.

प्रश्न: एका खोलीत पहिली आणि दुसरी, मिळून ३८ मुलं, शिक्षिका एक. माझ्या टाचणात फक्त दुसरीचा भाषेचा पाठ आहे. पहिलीची मुलं मधेमधे येऊन उभी राहतात. (छात्राध्यापिका, बाणगंगा)

उत्तर: टाचण दोन रकान्यांचं करा. एका रकान्यात पहिली, दुसऱ्या रकान्यात दुसरी, डावीकडे मिनिटं. नियम एवढाच की तुम्ही एका इयत्तेला शिकवत असताना उरलेल्या इयत्तेपाशी असं काम हवं जे तुमच्याशिवाय निदान बारा मिनिटं चालेल आणि चुकलं तर मुलाचं मुलालाच कळेल. ‘फळ्यावरचं उतरवा’ हे काम सहा मिनिटांत संपतं, मग मुलं उठतात.

पहिलीसाठी अक्षरपत्त्या करा. म, न, ल, क या चार अक्षरांच्या आणि काना लावलेल्या मा, ना, ला, का यांच्या. एवढ्यावर मन, नल, कमल, नमक, काम, नाक, कान, नाम, लाल, काला, माला, मकान, काका, मामा, नाना हे शब्द होतात. दोघांत एक संच, प्रत्येक पत्ती तीनदा म्हणजे २४ पत्त्या. शब्द जुळवायचा, वहीत लिहायचा, चित्र काढायचं. वर्णमालेच्या क्रमानं अ पासून गेलात तर महिनाभर मुलाला एक वाक्यही वाचता येत नाही. अशा अक्षरगटानं पहिल्या आठवड्यातच ‘काका का मकान’ वाचतं, आणि वाचता येतंय हे कळल्यावर त्याला बसवून ठेवावं लागत नाही.

४० मिनिटांची विभागणी साधारण अशी: पहिली ५ दोन्ही इयत्ता एकत्र, गाणं किंवा गोष्ट. पुढची १२ दुसरीला शिकवणं, पहिली पत्त्यांवर. पुढची १२ पहिलीबरोबर, दुसरी जोडीनं वाचते आहे. ७ मिनिटं दोन्हीकडे फिरून पाहणं, शेवटची ४ आवराआवर. दुसरीच्या जोडवाचनात चांगलं वाचणाऱ्याला अडखळणाऱ्याबरोबर नेहमीच बसवू नका. आठवड्यातून दोनदा सारख्या पातळीची जोडी करा, नाहीतर एक वाचतो आणि दुसरा ऐकतो. लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित धरलं आहे. घड्याळ लावून तपासायचं तर एकेकाला बाजूला घेऊन. वर्गासमोर घड्याळ लावलं की मूल अर्थ सोडून धावतं.

आणि पहिलीची मुलं मधे येऊन उभी राहतात ती बहुतेक ‘दीदी, हो गया’ सांगायला. झालेलं काम ठेवायला एक टोपली आणि तिच्या शेजारी पुढचं काम ठेवलं की येणं निम्म्यावर येतं.

प्रश्न: अंतिम पाठासाठी थर्माकोलचं मॉडेल करावं की चार्ट? परीक्षकांना काय आवडतं? (नाव न घालता)

उत्तर: पाठात मुलं जे हातात घेतील ते करा. ५६ × ७१ सेंटिमीटरचा चार्ट मागच्या रांगेतून वाचायचा तर त्यावर आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. बहुतेक चार्टवर ऐंशी असतात. थर्माकोल एका पाठानंतर तुटतं आणि कचऱ्याच्या गाडीत कुठल्या डब्यात टाकायचं यावरून मुलंच तुम्हाला टोकतात. जाणत्या परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, ‘हे साहित्य काढून घेतलं तर पाठाचं काय अडेल?’ काहीच अडणार नसेल तर ते नेऊ नका.

प्रश्न: पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘पाणी’ घ्यायचं आहे. प्रधान पाठक मुलांना शाळेबाहेर नेऊ देत नाहीत. वर्गात बसून पाण्यावर काय करणार? आणि मुलं सगळ्या प्रश्नांना ‘पानी बचाना चाहिए’ एवढंच उत्तर देतात. (छात्राध्यापक, मल्हारगंज)

उत्तर: ते उत्तर आपणच मुलांच्या तोंडी बसवलं आहे. पाठाच्या पहिल्याच मिनिटाला घोषवाक्य आलं की विचार करायला काही उरत नाही. या पाठात ‘बचत’ हा शब्द तुम्ही एकदाही उच्चारू नका.

शाळेच्या आवारात एक तरी गळका नळ असतोच. तो पुरेसा आहे. नसेल तर एक नळ थोडा ढिला सोडा आणि पाणी बादलीत धरून झाडांना घाला. सगळा वर्ग एका नळावर गेला तर ढकलाढकलीपलीकडे काही होत नाही, म्हणून चार गट, चार कामं. पहिला गट नळाखाली बाटली धरून दहा मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजतो. दुसरा आवारातले सगळे नळ मोजून नकाशावर टिपतो, चालू-बंद-गळका अशा खुणांनी. तिसरा छतावरच्या टाकीवरचे लिटर वाचतो आणि ती कधी भरते ते विचारून येतो. चौथा मध्याह्न भोजन करणाऱ्या ताईंना दिवसाला किती बादल्या लागतात ते विचारतो आणि एका बादलीत किती लिटर मावतं ते बाटलीनं मोजतो. प्रत्येक गटाला काम लिहिलेली चिठ्ठी द्या. तोंडी सूचना आवारात पोचेपर्यंत विसरली जाते. वेळ १५ मिनिटं, शिट्टीवर परत.

मोजायला खुणा असलेली बाटली हवी. औषधाच्या झाकणानं १० मिलीलिटर मोजून पाण्याच्या जुन्या बाटलीवर दर ५० मिलीलिटरला पेननं रेघ मारा. हे आदल्या दिवशी करा, बाटली सपाट जागी ठेवून. तळ आत वळलेला असला तरी खुणा चुकत नाहीत, कारण त्या मोजून ओतलेल्या पाण्यावरून मारलेल्या असतात.

समजा दहा मिनिटांत ५० मिलीलिटर जमलं. तासाला ३००, दिवसाला ७,२०० मिलीलिटर, म्हणजे ७ लिटरहून जास्त. हा गुणाकार मुलांनी करायचा. मग चौथ्या गटाच्या बादलीशी तुलना. आता विचारा, हे पाणी आलं कुठून? मुलं नळ, टाकी, मोठी टाकी म्हणत मागे जातील. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, आणि चढावर उपसून. एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात: पंप कशावर चालतात, वीज गेली तर काय, आमच्याकडे एक दिवसाआडच का येतं. सगळ्यांची उत्तरं त्या तासात द्यायची गरज नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवा आणि तो कोपरा पुसू देऊ नका. शहराजवळचे यशवंत सागर, बिलावली आणि सिरपूर हे तलाव कशासाठी होते, हे घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा.

प्रधान पाठकांना आधी जाऊन आखणी दाखवा: मुलं फाटकाबाहेर जाणार नाहीत, पंधरा मिनिटं, चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी कोण उभं राहील. नकार बहुधा अचानक विचारल्यामुळे येतो.

प्रश्न: वर्ग गप्प बसत नाही. नियमित शिक्षिका पट्टी हातात ठेवतात, मग शांतता असते. मी काय करू? (छात्राध्यापिका, जेल रोड)

उत्तर: पट्टी हातात घेऊ नका, आपटण्यासाठीही नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी केली आहे, आणि ‘सगळ्यांसमोर उभं करीन’ हाही छळच आहे. नियमित शिक्षिकांशी वाद घालायची जागा तुमची नाही. पण तुमच्या पाठात काय चालेल ते तुमच्या हातात आहे.

पहिल्याच दिवशी एक खूण ठरवा: तुम्ही तीन टाळ्या वाजवायच्या, मुलांनी दोन. काम थांबवून, हात रिकामे. पाठाआधी ही खूण पाच वेळा खेळासारखी करून घ्या. सगळी शांत होईपर्यंत पुढचा शब्द बोलू नका. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली की मुलं शिकतात की गोंगाटातही मॅडम बोलतातच. साहित्य वाटण्याआधी सूचना द्या. हातात काडी आल्यावर दिलेली सूचना कुणी ऐकत नाही. आणि सूचना एका वेळी एक. ‘वही काढा, तारीख लिहा, जोडीला बसा आणि पान बारा उघडा’ यातलं मुलांना ‘वही काढा’ तेवढं ऐकू येतं, आणि मग चाळीस जणं ‘कौन-सा पेज’ विचारतात. हाच तो गोंगाट.

गट काम करत असतानाचा गलबला आणि रिकाम्या वर्गाचा गलबला यांत फरक असतो. दारात उभं राहून पाहा: बोलणाऱ्या मुलांची तोंडं साहित्याकडे आहेत की खिडकीकडे. साहित्याकडे असतील तर बोलू द्या, आणि तसं टाचणात लिहून ठेवा, म्हणजे निरीक्षक आले तर त्यांना आधीच कळेल.

प्रश्न: रोजनिशीत रोज काय लिहायचं? माझ्या सगळ्या पानांवर ‘पाठ यशस्वी झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ असं येतं. (छात्राध्यापिका, इंदूर)

उत्तर: रोज तीनच ओळी लिहा, पण त्यांत एका मुलाचं काम आणि एक आकडा हवा. ‘मुलांना वजाबाकी समजली’ याऐवजी: ‘३२ पैकी १९ जणांनी २६ लिहिलं, ८ जणांनी ३४. खिडकीजवळच्या मुलीनं गठ्ठा सोडला पण दहा काड्या वेगळ्या मोजून पाहिल्या, मगच तेरा म्हणाली. उद्या ३४ वाल्या आठांना पहिली दहा मिनिटं वेगळं बसवणार.’ मुलांची नावं लिहू नका, जागेवरून किंवा हजेरी क्रमांकावरून ओळख ठेवा. रोजनिशी बऱ्याच हातांतून जाते.

हे शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहावं लागतं, बस किंवा रिक्षाची वाट पाहता पाहता लिहिलं तरी चालेल. रात्री लिहायला बसलात की आठवतं ते फक्त आपण काय केलं, मुलानं काय केलं ते पुसलेलं असतं. चिठ्ठ्यांचे ढीग रबर लावून त्याच पानाला टाचा. दोन आठवड्यांनी तीच मुलं, तसंच उदाहरण, आकडे बदलून: ६२ − ३८. आठापैकी किती उरले ते त्याच पानाच्या खाली लिहा.